सांताला भेटायला रोव्हानिएमीला जायचंय? मग 25 डिसेंबर सोडून कधीही जा

दरवर्षी नोव्हेंबर आला की फॅमिली ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, मुलांना सांता दाखवायला न्यायचंय, फिनलंडला जाऊन आलात ना तुम्ही, कसं करायचं सांगा. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही ठाण्याहून गेलो होतो पाच जणं, मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांनी निघायच्या आदल्या दिवसापर्यंत "त्या नाताळबाबाला भेटायला एवढ्या लांब कशाला, वसईला जा की" हे टुमणं लावलं होतं.

पहिली गोष्ट तारखेची, कारण सगळे तिथेच चुकतात. आपल्याला वाटतं सांता म्हणजे 25 डिसेंबर, मग त्याच दिवशी तिथे असायला पाहिजे. पण रोव्हानिएमी, म्हणजे फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलँड भागातलं मुख्य गाव, तिथला सांता वर्षभर रोज भेटतो, मे महिन्यात गेलात तरी तो खुर्चीत बसलेला असतो. आणि फिनलंडमध्ये खरा सण असतो 24 ला. सांता 23 च्या संध्याकाळी सांताक्लॉज व्हिलेजमधून, म्हणजे त्याला भेटायला वसवलेल्या गावातून, सगळ्यांचा निरोप घेऊन जगप्रवासाला निघतो, त्याचा मोठा कार्यक्रम असतो, आणि 24 च्या दुपारनंतर अख्खा देश घरात जाऊन बसतो. ट्रेन, बस थंडावतात, बरीच दुकानं बंद, रेस्टॉरंटमध्ये आधीच टेबल बुक केलं नसेल तर उपाशी राहायची पाळी. माझ्या मैत्रिणीला तिच्या एजंटने नेमकं 24 ते 26 चं बुकिंग करून दिलं होतं. बिचारीने ख्रिसमसच्या दिवशी हॉटेलच्या खोलीत किटलीत मॅगी केली, आणि दुसऱ्या दिवशी सांता दिसल्यावर लेकीने विचारलं की हा परवाच गिफ्ट वाटायला गेला ना, मग इथे कोण बसलंय? आता द्या उत्तर. (सांताचं ऑफिस त्या दिवसांतही उघडं असतं, फक्त वेळा वेगळ्या असतात, त्या बघून घ्याव्या लागतात.)

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, डिसेंबरचा पहिला नाहीतर दुसरा आठवडा. सजावट लागलेली असते, बर्फ बहुतेक पडलेला असतो, गर्दी असते पण अंगावर येत नाही. शाळेत अर्ज द्यावा लागतो, हो, आपल्याकडच्या नाताळच्या सुट्टीत ते बसत नाही. ते जमत नसेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा, तेव्हा बर्फ भरपूर आणि भाव उतरलेले. 20 डिसेंबर ते 2-3 जानेवारी हा काळ सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा. दिवाळीच्या सुट्टीत बरेच जण विचारतात, तेव्हा स्वस्त पडतं आणि सांताही भेटतो, पण बर्फाची काही खात्री नाही, आणि बर्फ नसलेलं लॅपलँड म्हणजे चिखलातलं महाबळेश्वर.

आता हे रोव्हानिएमीच का, तर खरंतर फिनलंडच्या लोकांच्या मते सांताचं मूळ घर इथे नाहीच. ते आहे कोर्वातुन्तुरी नावाच्या डोंगरावर, पार रशियाच्या सीमेवर. कोर्वा म्हणजे कान, डोंगराचा आकार कानासारखा म्हणून तो तिथे बसून जगातल्या सगळ्या पोरांचं ऐकतो, असं 1927 मध्ये रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात मार्कुस राउतिओ या निवेदकाने सांगितलं आणि ते लोकांनी उचलून धरलं. पण तिथे जायला धड रस्ता नाही, मग सांताने लोकांना भेटायला रोव्हानिएमीत ऑफिस काढलं, अशी गोष्ट आहे. मुलांना ही गोष्ट जायच्या आधी नक्की सांगा, कारण "हे तर ऑफिस आहे, घर कुठाय" हा प्रश्न येणारच आहे.

आणि मोठ्यांसाठी दुसरी गोष्ट. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ पूर्ण जाळून टाकलं होतं. नंतर आल्वार आल्टो या आर्किटेक्टने रस्त्यांचा आराखडा रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात आखला. पुनर्बांधणी बघायला 1950 मध्ये अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी एलिनॉर रूझवेल्ट आल्या, त्यांच्यासाठी आर्क्टिक सर्कलवर (नकाशातलं उत्तर ध्रुवाभोवतीचं वर्तुळ) घाईघाईने लाकडी केबिन बांधली, ती बघायला लोक येऊ लागले आणि पुढे 1985 मध्ये तिथेच सांताचं गाव उभं राहिलं. ती केबिन अजून आहे. आमच्या सासूबाईंना सगळ्या ट्रिपमध्ये हा भाग सगळ्यात आवडला, "जळालेल्या गावाने नाताळबाबाला धरून पोट भरलं बघ" म्हणाल्या.

व्हिसा. फिनलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, तुम्ही ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाचा व्हिसा काढायचा. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या आतल्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना काही नाही, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि डिसेंबरला जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरलाच अपॉइंटमेंट घ्या, दिवाळीनंतर धावाधाव करू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र, मुलांचं शाळेचं पत्र, हे नेहमीचंच. आई-बाबांपैकी एकच जण मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र करून ठेवा.

जायचं कसं, तर मुंबईहून एक स्टॉप घेऊन हेलसिंकी, आणि तिथून पुढे दोन रस्ते. विमानाने रोव्हानिएमी दीड तासाच्या आत. किंवा रात्रीची ट्रेन, सांताक्लॉज एक्सप्रेस, साधारण बारा तास. मुलं असतील तर ट्रेनच घ्या, डोळे झाकून. डबलडेकर ट्रेन आहे, केबिनमध्ये दोन बर्थ, आणि वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये स्वतःचं टॉयलेट आणि शॉवरसुद्धा (हो, शॉवर, आपल्या फर्स्ट एसीने बघून घ्यावं). केबिन दोघांची असल्यामुळे चौघांना दोन घ्याव्या लागतात, त्यातल्या काहींना मधून दार असतं, बुक करताना ते बघा म्हणजे एका बाजूला आई आणि एक मूल, दुसऱ्या बाजूला बाबा आणि दुसरं असं होतं आणि रात्री कोणी घाबरलं तरी बाहेर यावं लागत नाही. अजून एक, विमानातून उतरून हेलसिंकी शहरात जायची गरज नाही, ही ट्रेन तिक्कुरिला स्टेशनला थांबते आणि ते एअरपोर्टहून लोकलने अगदी जवळ आहे. बॅगा ओढत सेंट्रलपर्यंत कशाला जायचं.

आम्ही जाताना ट्रेनने गेलो आणि येताना विमानाने. सकाळी आठला मुलगा उठून खिडकीला नाक लावून बसला, बाहेर मिट्ट काळोख, फक्त ट्रेनच्या उजेडात बर्फ आणि झाडं, आणि तो पाच पाच मिनिटांनी विचारतोय सकाळ कधी होणार. यावरून आठवलं.

काळोख. हे कोणी नीट सांगत नाही. डिसेंबरमध्ये रोव्हानिएमीत सूर्य अकराच्या सुमारास उगवतो आणि दीडच्या आसपास मावळतो. बस्स, एवढाच दिवस. त्याच्या आधी आणि नंतर तास-दोन तास निळसर संधिप्रकाश, तो इतका सुंदर असतो की फोटोत येत नाही, आणि मग दुपारी तीनला रात्र. मुलांचं घड्याळ पार बिघडतं, त्यात आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे संध्याकाळी सहाला ती डुलक्या काढायला लागतात. प्लॅन करताना हे धरा. एका दिवसात एकच मोठी गोष्ट, ती सकाळी दहा ते दोनमध्ये, आणि संध्याकाळ मोकळी. आम्ही पहिल्या दिवशी हस्की कुत्र्यांची स्लेज (बर्फावरची घसरगाडी), रेनडिअर आणि सांता असं तिन्ही कोंबलं होतं आणि सांताच्या लाईनमध्ये मुलगा बाबाच्या खांद्यावर गाढ झोपला. लाईन सोडली, परत हॉटेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो.

थंडीचं आता. उणे दहा हे नेहमीचं, उणे वीस-पंचवीस कधीही, आम्हाला एक दिवस उणे बावीस मिळाला. घाबरू नका, कोरडी थंडी असते, कपडे बरोबर असले तर मुलं मजेत खेळतात. आतून लोकरीचं किंवा थर्मल, मधे फ्लीस, वरून वारा अडवणारं. कॉटन अजिबात नको, घाम आला की ते ओलं होऊन अंगावर बर्फासारखं बसतं, आणि आपल्या आया नेमका आतून सुती बनियन घालायचा आग्रह धरतात. हाताला बोटांच्या ग्लोव्ह्जवर मिटन (चारही बोटं एकाच कप्प्यात राहतात असा हातमोजा), म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट एक साईज मोठे, आत लोकरीचा मोजा, घट्ट बुटात बोटं पहिली गारठतात. सगळं विकत घेऊ नका! सफारीवाले ओव्हरऑल, बूट, हेल्मेट देतात, गावात भाड्यानेही मिळतात. विकत फक्त आतले थर आणि ग्लोव्ह्ज घ्या, तेही मुलांच्या ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या, कारण एक हरवणारच. आमची हस्कीच्या स्लेजमधून उडाली. सासूबाईंनी घरून माकडटोप्या आणल्या होत्या, मी नको नको म्हणत होते, शेवटच्या दोन दिवशी मी स्वतः घालून फिरले.

फोन बाहेरच्या खिशात ठेवला तर 60 टक्के बॅटरी असताना बंद पडतो, आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. मुलांच्या जॅकेटला रिफ्लेक्टर लटकवा, तिथे अंधारात चालणारे सगळेच लावतात, नियमच आहे, किराणा दुकानातही मिळतो. आणि त्याच दुकानातून एक प्लास्टिकची पुल्का घ्या. पुल्का म्हणजे दोरी लावलेली घसरगाडी. ही माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात चांगली खरेदी. बर्फात बाबागाडी चालत नाही आणि सहा वर्षांचं पोर ओव्हरऑल घालून अर्ध्या किलोमीटरवर बसकण मारतं, मग त्याला पुल्कात टाका आणि ओढा, वर किराण्याच्या पिशव्याही ठेवा. निघताना आम्ही ती हॉटेलमध्ये दुसऱ्या कुटुंबाला देऊन आलो.

सांताची भेट. व्हिलेज गावापासून आठेक किलोमीटरवर, रेल्वे स्टेशनवरून 8 नंबरची बस जाते. आत जायला तिकीट नाही, सांताला भेटायलाही पैसे नाहीत, हे ऐकून नवऱ्याला फार आनंद झाला होता. तो आनंद फोटोच्या काउंटरवर संपला, कारण आत तुमचा कॅमेरा चालत नाही, फोटो-व्हिडिओ तेच काढतात आणि बाहेर आल्यावर विकत घ्यायचा, स्वस्त नसतो. तो खर्च आधीच बजेटमध्ये धरा, आणि मुलांसमोर काउंटरवर घासाघीस करू नका.

गर्दीच्या दिवसात लाईन दोन-तीन तासही लागते. उघडल्या उघडल्या जा नाहीतर बंद व्हायच्या तासाभर आधी, दुपारी अजिबात नको. लाईन आतून उबदार आहे, त्यामुळे शिरल्यावर लगेच मुलांचे वरचे थर काढा, नाहीतर घामाघूम होऊन चिडचिड. पाणी, खाऊ, शू, सगळं आधी. महत्त्वाचं म्हणजे तिथे सांता एकच नाही, ऑफिस वेगळं, पलीकडच्या ख्रिसमस हाऊसमध्ये वेगळा, जवळच जमिनीखालच्या सांतापार्कमध्ये आणखी एक. एकच निवडा. दोन दाढ्या एका दिवशी दिसल्या की मोठ्या मुलाचा संशय पक्का होतो. पैसे टाकून खाजगी भेट बुक केली तर मुलाबद्दल आधी माहिती कळवायची सोय असते, एकुलतं एक आणि पूर्ण विश्वास असलेलं मूल असेल तर तो खर्च करा, आम्ही नाही केला.

आत जेमतेम दोन-चार मिनिटं मिळतात, त्यामुळे काय बोलायचं ते मुलांकडून आधी ठरवून घ्या. आमच्या पोराने पंधरा दिवस यादी पाठ केली होती, सायकल, लेगो, कुत्रा. दार उघडलं, समोर हा एवढा मोठा माणूस, दाढी पार मांडीपर्यंत, पायात जाडजूड लोकरी मोजे, आणि तो चक्क "नमस्ते" म्हणाला. पोरगा गप्प. मी कोपराने ढोसतेय, बोल ना. शेवटी त्याच्या तोंडून मराठीत निघालं, "तुला थंडी नाही का वाजत?" मुलीने इंग्रजीत करून सांगितलं, सांता गडगडून हसला आणि मोजे वर करून दाखवले. यादी राहिलीच. बाहेर आल्यावर लेकीने हळूच कानात सांगितलं की आई मला माहितीये पण मी त्याला सांगणार नाही. म्हणून वयाचं विचाराल तर पाच ते आठ. तीन वर्षांचं मूल दाढी बघून रडतं आणि दहाचं मूल आपल्यासाठी नाटक करतं.

बाकी काय करावं ते थोडक्यात. रेनडिअरची छोटी चक्कर सगळ्यांना झेपते. हस्कीचा भुंकण्याचा आवाज प्रचंड असतो, घाबरणाऱ्या मुलाला आधी सांगून ठेवा. स्नोमोबाईल चालवायला मोठ्यांना ड्रायव्हिंग लायसन्स लागतं आणि लहान मुलं मागे जोडलेल्या स्लेजमध्ये बसतात, मला विचाराल तर ते टाळा, मुलांना धूर आणि धक्के याशिवाय काही मिळत नाही. आर्क्टिकुम म्युझियम गारठलेल्या दुपारसाठी उत्तम. रानुआचं प्राणिसंग्रहालय ऐंशीएक किलोमीटरवर आहे, तिथे ध्रुवीय अस्वल बघायला मिळतं. नॉर्दर्न लाईट्सचं (रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे) वचन मुलांना देऊ नका, ढग असले तर काहीच दिसत नाही, आम्हाला चार रात्रींत एकदा हिरवट पट्टा दिसला आणि तोही मुलं झोपल्यावर. आर्क्टिक सर्कलची रेघ व्हिलेजमध्ये आखलेली आहे, एक पाय इकडे एक तिकडे असा फोटो काढायचा. खरं तर ते वर्तुळ दरवर्षी चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं, त्यामुळे रेघ निव्वळ हौसेची, पण फोटो सगळेच काढतात.

खाण्याचं. रेनडिअरचं मांस तिथे सगळीकडे, बटाट्याच्या लगद्यावर वाढतात, आणि नुकतीच रेनडिअरच्या गाडीतून उतरलेली मुलं मेन्यू वाचून हंबरडा फोडू शकतात. सामन माशाचं दुधातलं सूप छान असतं. शाकाहारी असाल तर किचन असलेलं अपार्टमेंटच घ्या. घरून काय न्यायचं याचा एक नियम आहे, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, पनीर, चीज घरीच ठेवा. मेतकूट, भाजणी, चिवडा, चकल्या, तांदूळ-डाळ न्या. डिसेंबरात तिथे तांदळाची दुधातली लापशी मिळते, वर दालचिनी, आणि मोठ्या पातेल्यात एकच बदाम लपवलेला, ज्याला सापडेल तो नशीबवान. सासूबाईंनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, खीरच आहे, साखर विसरलेत. मग पर्समधून गूळ काढला.

जे आधीच परदेशात आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्लंडमधून सकाळी जाऊन रात्री परत अशा लॅपलँडच्या चार्टर फ्लाईट असतात, लहान मुलांना घेऊन तो दिवस फार ओढाताणीचा होतो, एक रात्र तरी राहा. नेदरलँडवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडचा सिंटरक्लास, म्हणजे तिकडचा सांता, नोव्हेंबरच्या मध्यावर बोटीने येतो आणि त्याची रात्र 5 डिसेंबरची, 25 ला शोधाल तर तो गेलेला असेल. अमेरिकेत इंडियाना राज्यात सांताक्लॉज याच नावाचं गाव आहे. आणि एवढा खर्च नको असेल तर सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही, वसईच्या गावांमधून नाताळात फिरा, घराघरासमोर येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे सजवलेले असतात, कोणी ओळखीचं असेल तर पोटभर खायलाही घालतात.

एक राहिलं, पोस्ट ऑफिस. सांताच्या लाईनआधी तिथे जा, कारण नंतर कोणातच त्राण उरत नाही. आर्क्टिक सर्कलचा शिक्का मारून कार्ड जातं, आणि दोन पेट्या असतात, एकीतलं लगेच निघतं, दुसरीतलं पुढच्या ख्रिसमसला पोचेल असं ठेवतात. पेटी नीट वाचून टाका, आम्ही साताऱ्याच्या आजोबांचं कार्ड चुकून दुसरीत टाकलं आणि ते वर्षभर फोनवर विचारत राहिले, अजून आलं नाही गं. पत्ता मराठीत लिहिला तरी चालतो, फक्त पिनकोड ठसठशीत आणि खाली इंडिया इंग्रजी अक्षरांत मोठ्ठं लिहा.